वन्संच्या संगणकातल्या दोन तिजोऱ्या

आमच्या वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. घरबसल्या छापखान्याची प्रुफं तपासतात. लिनक्सवर चालणारा जुना संगणक, शेजारी भिंग, आणि तोंडाला धार. नजर मंदावली तेव्हा त्यांनी स्वतःच त्यावर दुसरा डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची नवी मांडणी, चढवला. त्यात अक्षरं ठसठशीत दिसतात. तेव्हापासून मेल मात्र लहरीवर. काल मुकाट उघडली, आज पासवर्ड मागत बसली. पासवर्ड संगणकालाच सांभाळायला दिलेला. वन्संना कुठला आठवतोय!

संध्याकाळपर्यंत प्रुफं गेली नाहीत तर छापखाना काम दुसऱ्याला देणार होता. हे म्हणाले, "ताई, पुरे झालं. आराम कर आता." वर दुरुस्तीवाल्याला बोलावूनही मोकळे. तो टेकायच्या आत म्हणाला, "मशीन गेलंय. सगळं पुसून नवीन टाकतो."

"हात तर लावून बघा!" वन्संनी कीबोर्ड मांडीवर ओढला. "गेलंय, तर काल कसं चाललं? आणि पुसलंत की पासवर्डही गेला."

"आजी, हे तुमचं काम नव्हे."

"आजी तुमच्या घरी."

मी मनात देवाचं नाव घेतलं आणि खुर्ची ओढून वन्संच्या बाजूला बसले. बाजू घ्यायची तर दिसेल अशी घ्यावी.

संगणक बंद करून त्यांनी पुन्हा सुरू केला. पासवर्ड मागणारी चौकट भिंगातून निरखली.

"अगं, ही आपली नव्हे! नव्या डेस्कटॉपनं येताना पासवर्ड ठेवायची स्वतःची तिजोरी आणलीय. दोन्ही एकदम उठतात. जी आधी उठेल ती मेलला उत्तर देते."

"म्हणजे मिठाचे डबे दोन, आणि हाताला लागतो तो रिकामा," मी म्हटलं.

"अगदी!"

"मग नवा डेस्कटॉपच काढून टाका," दुरुस्तीवाला म्हणाला.

"का म्हणून? अक्षरं मोठीच राहणार. जाईल ती रिकामी तिजोरी."

सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी नवी तिजोरी बंद केली आणि संगणक परत चालू केला. जुनी तिजोरी उठली, मेल काही न विचारता उघडली. प्रुफं गेली. मी देवाला हात जोडले. दुरुस्तीवाला चहा पिऊन गेला.

हे दारातच घुटमळत होते. "ताई, आता तरी..."

"आता तरी काय? पुढची प्रुफं आलीत. बाजूला हो, उजेड अडतोय."