नकार द्यायला काकू कंपालाला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! फ्रिजच्या दारात टेकआउटची सॉसची पाकिटं साठतात, तसे ते साठत जातात. २००५च्या सुमारास अमेरिकेत पार्सिपनीच्या आमच्या ऑफिसात जे साठले, त्यातले बहुतेक काकूंचे.

काकू म्हणजे माझी टीममेट अश्विनी, तिची आई. नागपूरच्या. अश्विनीने आमच्याच टीममधल्या मुसोकेशी लग्न ठरवलं. मुसोके युगांडाचा, तिथल्या बुगांडा राज्यातला. हे कळताच काकू व्हिजिटर व्हिसा काढून नकार द्यायला जातीने हजर!

*

मुसोकेची बहीण भेटायला आली आणि काकूंना बघताच दारातच गुडघे टेकून बसली. त्यांच्याकडे बायका मोठ्यांना असाच नमस्कार करतात.

काकूही झटकन खाली वाकल्या. "काय पडलं गं पोरी? कानातलं?"

बहीण बिचारी आदराने त्यांच्याबरोबर कार्पेट चाचपू लागली!

*

एकदा मुसोकेने कच्ची केळी वाफवून, कुस्करून आणली. काकूंनी चाखली, उठल्या आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घातली. मुसोके पुन्हा पुन्हा वाढून घेत म्हणाला, "काकू, धिस शुड बी इलीगल!"

"मुलगा गुणाचा आहे," काकू मला म्हणाल्या. "पण नाही म्हणजे नाही!"

*

मग कळलं, मुसोकेच्या लोकांत लग्नाच्या बाबतीत आत्याचा शब्द शेवटचा. "तर मग आत्यालाच तोंडावर सांगते!" नागपूरला परतताना काकू वाटेत युगांडात, कंपालाला उतरल्या. सोबत आम्ही तिघं.

आत्या कासुबीला, राजांच्या समाधीवर सेवेला असायची. दारात जीन्सवाल्या अश्विनीला कमरेभोवती कापड गुंडाळायला लावलं. काकूंची साडी बघून गाइड म्हणाला, "मॅडम, यू आर ऑलरेडी परफेक्ट!"

काकूंनी लेकीकडे असं काही बघितलं!

*

आत गवताचं छप्पर, एवढं प्रचंड की बघायला मान मागे टाकावी लागते. समोर झाडाच्या सालीपासून केलेल्या कापडाचा पडदा, आणि चटईवर ताठ बसलेली म्हातारी आत्या. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायकांनी हे घर राखलंय. मी मनापासून हात जोडले.

"राजे कधी वारले?" काकूंनी विचारलं.

मुसोके दचकला. त्याने कुजबुजत सांगितलं, अश्विनीने मराठीत समजावलं: राजा वारला असं इथे म्हणत नाहीत. तो पडद्यामागच्या वनात गेलाय. आणि आत्या त्याची राणी मानली जाते.

"म्हणजे या सवाष्ण की!" काकू म्हणाल्या. "अश्विनी, पर्समधलं कुंकू काढ. तू लाव. मी कशी लावू?" अश्विनीचे बाबा जाऊन थोडीच वर्षं झाली होती.

अश्विनीने आत्याला कुंकू लावलं. आत्याने त्याच डबीत बोट बुडवलं आणि काकूंकडे सरकली. मुसोके घाईने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगू लागला. आत्याने त्याला नजरेनेच गप्प केलं आणि काकूंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं.

काकूंचा हात कपाळाकडे गेला, तिथे थांबला, आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"मुसोके," त्या म्हणाल्या, "आत्यांना विचार, लग्नाला यायला त्यांना कुठला महिना सोयीचा पडेल?"