पुसलेलं गाऱ्हाणं

दादाने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. "ह्या वर्षी माझां गाराणां लाव."

"लावू की! त्यात काय मोठंसं?" मी म्हटलं. "सगळ्या वर्षांचं माझ्या कॉम्प्युटरवर आहे." कसल्या ऐटीत म्हटलं ते आठवलं की आजही कान गरम होतात.

आम्ही मूळचे कोकणातले, दोन पिढ्या लालबागला. ज्यांच्या घरी गाऱ्हाणं नसतं त्यांच्यासाठी सांगतो. गणपतीची आरती झाली की घरातला वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून खणखणीत आवाजात घरातली सगळी दुखणीखुपणी देवाच्या कानावर घालतो. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची नोकरी डळमळतेय, कुणाचा गुडघा धरलाय. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागची मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडतात. आमच्या घरी आधी बाबा घालायचे, गिरणीतून रिटायर झालेला माणूस, यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज तयार झालेला. त्यांच्या मागे दादा, माझा थोरला भाऊ; गणपतीही त्याच्याच घरी बसतो. दादा गाऱ्हाण्याला उभा राहिला की चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली वडापावच्या गाडीपर्यंत ऐकू जायचं.

त्या दादाचं स्वरयंत्र काढावं लागलं. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता तो हातवारे करतो, ओठ हलवतो, फारच झालं तर मोबाइलवर टाइप करतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीला आमच्याकडे गाऱ्हाणं झालंच नाही. खरं तर त्याच्यामागे मी. मी पुढे व्हायला हवं होतं. पण मी आरतीच्या पुस्तकात डोकं खुपसून उभा राहिलो, आणि आरती संपल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत प्रसादाकडे वळले. दादा मखराकडे बघत बसला होता. त्यानंतर वर्षभराने त्याने स्वतःहून मागितलं ते हे.

रेकॉर्डिंगं माझीच. मला भारी हौस. दरवर्षी मी मोबाइल पुढे धरून उभा राहायचो आणि मग ते कॉम्प्युटरवर टाकायचो. प्रत्येक वर्षाचा वेगळा फोल्डर, आणि आत फाइलचं नाव एकच, "गाऱ्हाणं". दुसरं काय देणार? दरवर्षी तेच तर असतं, असं मला वाटायचं. टाकल्यावर एकदाही लावून ऐकलं नाही. मोबाइल बदलत गेले आणि ती सगळी वर्षं त्या एका जुन्या डब्यात राहिली.

गणपती तोंडावर आले होते. बायको स्टुलावर चढून माळा आवरत होती. "अहो, निदान पंख्याची पाती तरी पुसा," ती म्हणाली.

"मी इथे कॉम्प्युटर साफ करतोय, दिसत नाही?"

कॉम्प्युटर फारच हळू झाला होता आणि ऐन वेळी दादाचा आवाज अडखळत वाजायला नको, म्हणून मी नेटवरून एक फुकटचा सफाईचा प्रोग्राम उतरवून घेतला होता. चाळीत मी कॉम्प्युटरवाला म्हणून ओळखला जातो. कुणाचं लाइटबिल भर, कुणाच्या पोराचा फॉर्म भर, सगळे माझ्याकडे. त्यामुळे सूचना वाचायची सवय मला नाही. प्रोग्रामने तपासणी केली आणि लालभडक अक्षरांत सांगितलं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजारो बिघाड आहेत. मला रागच आला, माझ्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड! खाली बऱ्याच चौकोनांत बरोबरच्या खुणा करायच्या होत्या. रजिस्ट्री दुरुस्त करू? कर. एकाच नावाच्या जादा फाइली काढू? काढ बाबा, काढ. कायमच्या पुसू? पूस! मी सगळीकडे खुणा केल्या आणि चहा प्यायला गेलो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. परत आलो तर कॉम्प्युटर आपणहून बंद होत होता, चालू होत होता, पुन्हा बंद होत होता. या घडीला कुठल्याही शहाण्या माणसाने बटण बंद करून कुणाला तरी विचारलं असतं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं आलं. मी कपाटातून जुनी सीडी काढली आणि त्याच डिस्कवर, आधीचं काही न पुसता, सिस्टीम नव्याने टाकली. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर छान चालू झाला. मी विजयी मुद्रेने फोल्डर उघडायला बसलो, आणि एकेक वर्ष उघडत गेलो तसतसं ते रिकामं निघत गेलं. त्या प्रोग्रामच्या लेखी एका नावाच्या सगळ्या फाइली म्हणजे एकाच गोष्टीच्या प्रती. त्याने पहिली ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. पहिल्या वर्षी मला रेकॉर्डिंगचं बटण वेळेवर सापडलं नव्हतं. त्यात शेवटचा एक "व्हय म्हाराजा!" होता आणि "अरे कापूर कुठे ठेवला?" असा वहिनीचा आवाज. दादाचा एक शब्द नाही.

मी तसाच बसून राहिलो. दादा आता कधीच बोलणार नव्हता आणि तो जे बोलला होता ते मी साफ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादाची मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. ती लोअर परळला एका ऑफिसात असते, बोलायला फटकळ, कामाला पक्की. "काका, दे ना ते गाऱ्हाणं. स्पीकरवर लावून बघते."

"अगं, काय सांगू," मी सुरुवात केली. "तो मेला अपडेट आला ना आपोआप, त्यात सगळं गेलं बघ. या कंपन्यांना काही अक्कल आहे का? हल्ली काही भरवसाच राहिला नाही..."

माझा चांगला सूर लागला होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली. "खोटं कशाला बोलता पोरीशी? साफसफाई करत होतात ना तुम्ही? पंखा पुसा म्हटलं तर अंगावर आलात माझ्या."

चोराच्या उलट्या बोंबा तिथेच थांबल्या. मी तिला सगळं सांगितलं, सिस्टीम नव्याने टाकल्याचंसुद्धा. ते ऐकल्यावर तिने डोळे मिटले. "काका, पुसलेली फाइल लगेच जात नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की जाते. आणि तू अख्खी सिस्टीम तिच्यावर लिहिलीस."

"मला काय माहीत?"

"माहीत नव्हतं तर हात कशाला लावलास? पप्पांचा आवाज होता त्यात, काका."

तिने कॉम्प्युटरच्या मागची वायर स्वतः उपटली. डिस्क बाहेर काढून तिच्या लॅपटॉपला जोडली आणि ऑफिसातल्या कुणालातरी विचारून पुसलेलं शोधून काढणारा एक प्रोग्राम लावला. दिवसभर ते चाललं. मधूनमधून मी दारात जाऊन "चहा आणू का?" विचारायचो, ती नको म्हणायची. बाहेर गल्लीत मंडळाच्या मंडपाचे बांबू ठोकत होते आणि मी गॅलरीत उभा राहून ज्याला त्याला "पाऊस काय म्हणतोय" असं विचारत होतो. घरात जायची लाज वाटत होती.

शेवटी तिने हाक मारली. फाइली सापडल्या होत्या, ढिगाने. पण नावं गेलेली, वर्षं गेलेली, प्रत्येकीला नुसता एक आकडा. त्यात जुनी गाणी, कीर्तनं, बायकोने जपलेले व्हॉइस मेसेज, सगळी खिचडी. "ह्यात पप्पा कुठे आहेत ते ऐकूनच कळणार," ती म्हणाली. "ते काम तुझं." लॅपटॉप आणि हेडफोन माझ्यापुढे ठेवून ती निघून गेली.

मी ऐकायला बसलो. कितीतरी फाइली नुसत्या खरखरत होत्या. मध्येच दादा लागायचा. "बा देवा म्हाराजा, आज तुझी जी काय सेवाचाकरी लेकरांनी..." आणि गप्प. पुन्हा दुसरी, पुन्हा तेच सुरुवातीचं वाक्य आणि पुढे खरखर. प्रत्येक वेळी त्याचा आवाज ऐकला की आशा वाटायची आणि तो तुटला की मी स्वतःला शिवी हासडायचो. चांगली मालवणी शिवी, दादानेच शिकवलेली.

आणि मग एक अख्खी लागली, अगदी स्वच्छ. मी आनंदाने बायकोला हाक मारणार, इतक्यात पुढचं वाक्य आलं. "माझो धाकटो भाव माझ्याशी बोलणा नाय रे म्हाराजा. तेचो राग थंड कर. चूक माझी आसली तर माझ्या पदरात घाल, पण तेका सुखात ठेव रे म्हाराजा!" त्यावर सगळ्या घराचा आवाज, "व्हय म्हाराजा!" आणि त्यात सर्वांत मोठा, मोबाइलच्या अगदी जवळचा आवाज माझा.

ते वर्ष मला चांगलं आठवतं. गावच्या घरावर कौलं ठेवायची की पत्रे घालायचे यावरून आमचं वाजलं होतं, आणि मी वर्षभर दादाशी अबोला धरला होता. गणपतीला गेलो होतो तो देवासाठी, त्याच्यासाठी नव्हे, असं बायकोला ठणकावून सांगून. रेकॉर्डिंग मात्र केलं, हौस ना! मोबाइल नीट धरलाय की नाही, आकडे पुढे सरकतायत की नाही, याकडे माझं लक्ष. समोर माझा भाऊ देवाकडे माझ्यासाठी पदर पसरत होता आणि मी त्याला बैलासारखा होकार देत होतो. गाऱ्हाणं संपल्यावर मी त्याच्या पायाही पडलो नव्हतो.

हेडफोन काढून ठेवले. पहिला विचार काय आला, सांगू? की ही पण खराब निघाली असं सांगावं. सगळ्या घरासमोर हे वाजणार, वहिनी ऐकणार, पुतणी ऐकणार, माझी बायको ऐकणार. पण उरलेल्या सगळ्या ऐकूनही अख्खी निघालेली ती एवढीच होती. ती दडवली तर दादाचा आवाज मी दुसऱ्यांदा पुसला असता. मी पुतणीला फोन करून सांगितलं, "सापडली एक."

चतुर्थीला दादाकडे आरती झाली. पुतणीने स्पीकर मखराच्या बाजूला ठेवला आणि दादाचा आवाज खोलीभर झाला. वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा देवापुढे हात जोडून उभा होता आणि शब्दागणिक त्याचे ओठ हलत होते. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते, मीही म्हणत होतो. मग ते वाक्य आलं. "माझो धाकटो भाव..." खोलीत पाठीमागे काहीतरी कुजबूज झाली. स्पीकरमधून मी मजेत ओरडलो, मागोमाग सगळे ओरडले, आणि मी तिथे उभा असलेला मान खाली घालून गप्प.

गाऱ्हाणं संपल्यावर मी दादाच्या पाया पडलो. लहानथोर सगळे बघत होते, बघू देत. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "दादा, त्या वर्षी तू माझ्यासाठी मागितलंस. मी तिथेच उभा होतो रे, आणि ऐकलंच नाही. चुकलो मी."

त्याने हात झटकला, सोड रे, अशा अर्थाने. मग खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि सावकाश टाइप करत राहिला. मी वाट बघत होतो. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"फक्त त्याच वर्षी नाय. तुझ्यासाठी मी दरवर्षी वेगळां कायतरी मागी. काय काय ता आता माका पण आठवणा नाय."