शेंगा वाजतात ते झुडूप

माझ्या हातून छापल्या गेलेल्या चुकांपैकी सर्वांत लक्षात राहिलेली चूक तीन ओळींची आहे. ती शेवगाव तालुक्यातल्या एका बाईने पकडली. तिच्याही आधी तिच्या गाईने.

तेव्हा मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. भिंगारहून दुपारी रिक्षाने कार्यालयात यायचे आणि शहर आवृत्ती सुटली की परत जायचे. गुरुवारी निघणारे शेतीचे पान माझ्याकडे होते. शेतीची मला पुस्तकी माहिती होती. पान भरायला ती पुरत असे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाऊस दोन महिने गायब होता. नवरात्र जवळ आले तरी बांधावरचे गवत गुडघ्यापर्यंतही वाढले नव्हते. गुरुवारच्या पानाचा विषय ठरवावा लागला नाही, तो चाराच होता. मुख्य मजकूर लावून झाल्यावर उजव्या कोपऱ्यात एक चौकट मोकळी राहिली. तिच्यासाठी मी एका इंग्रजी लेखाचा गोषवारा केला. लेख परदेशातल्या एका झुडपाबद्दल होता. ते माळरानावर वाढते, पिवळ्या फुलांनी भरून जाते, आणि पूर्वी तिकडचे लोक त्याच्या बारीक फांद्या जुडी बांधून अंगण झाडायला वापरत. म्हणून त्याचे इंग्रजी नावच झाडू. मी मथळा दिला, ‘झाडूचे झुडूप’.

मुख्य उपसंपादकांनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिले. "आता पुढच्या आठवड्यात सुपाचं झाड येऊ द्या."

नुसता परदेशी मजकूर छापू नये, त्याला इथला धागा हवा, हा आमच्याकडचा नियम होता. म्हणून मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी झुडपाचे शास्त्रीय नाव ऐकताच सांगितले की हे शेंगांच्या कुळातले, म्हणजे आपल्या तूर, हरभरा, बाभळीचे नातलग. तरवडही त्याच कुळातला, पण दूरच्या शाखेचा, त्याच्या फुलाच्या पाच पाकळ्या सुट्या असतात. अगदी जवळचे म्हणाल तर ताग आणि खुळखुळा. फूल बघा, म्हणाले, एक मोठी पाकळी वर उभी, दोन पंखांसारख्या बाजूला, आणि खालच्या दोन जुळून होडी झालेली. मी हे सगळे लिहून घेतले आणि जवळजवळ तसेच छापले. त्यात काहीही चूक नव्हते.

चौकटीत तरीही तीन ओळी कमी पडत होत्या. बुधवारची संध्याकाळ होती आणि पान छपाईला जायचे होते. त्या ओळी मी घड्याळाकडे बघत लिहिल्या: ‘शेंगावर्गीय असल्याने ताग व बांधावर उगवणारा खुळखुळा ही झुडपे चाराटंचाईच्या काळात जनावरांना देता येतील.’ तुरीचे भुसकट जनावरे खातात, हरभऱ्याचे खातात, शेरडे बाभळीच्या शेंगांवर तुटून पडतात, शेवरी तर मुद्दाम चाऱ्यासाठी लावतात. मग खुळखुळा का नाही, असा तो हिशेब होता. प्राध्यापकांना पुन्हा फोन करायला दोन मिनिटे लागली असती.

गुरुवारी दुपारी कार्यालयात पोचले तेव्हा फोन वाजत होता. पानाच्या तळाशी आमचा नंबर छापलेला असे.

"शेतीचं पान तुमीच लिवता का?" बाईचा आवाज होता. मी हो म्हटले.

"मग मला एक सांगा, ताई. तुमचा पेपर खोटा का माझी गाय?"

तिने क्रमाने सांगितले. सकाळी पेंड आणायला ती गावातल्या डेअरीवर गेली होती. तिथे आमचा पेपर येतो आणि एकजण सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. खुळखुळ्याचे ऐकून ती बांधावर गेली आणि शेंगांसकट दोन भारे कापून आणले. गाईने वास घेतला आणि मान फिरवली.

"उपाशी हाय, तरी तोंड लावलं न्हाई. मला वाटलं नखरा करती. मग बारीक तोडून पेंडीत कालवला. तवा खाल्लं एक पाटी. आता माझ्या मनात आलं, आधी इचारावं."

मी जे उत्तर दिले ते मला अजून तसेच्या तसे आठवते. "तज्ज्ञांशी बोलूनच छापलंय."

"तज्ञ राहूद्या. त्यांनी कुनाला घातलाय का? तुमी घातलाय का?"

मी समोरचे पान उघडून त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या.

"आमच्यात कुनीच घालत न्हाई बघा. पन का घालत न्हाई, ते कुनी इचारलंबी न्हाई. पेपरात आलं म्हनल्यावर वाटलं, आजवर आपलंच चुकत हुतं."

मी तिचा मोबाईल नंबर घेतला आणि दहा मिनिटांत फोन करते म्हटले. प्राध्यापकांनी माझे वाक्य पूर्ण होऊ दिले नाही. "चारा हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता. खुळखुळ्याच्या बियांत विष असतं. तुम्ही डॉक्टरांशी बोला." शेवगावकडे काम करणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांनी आधी शेंगा होत्या का ते विचारले. होत्या. "एका पाटीनं गाय मरत नाही," ते म्हणाले. "रोज घातला तर लिव्हर जातं, हळूहळू, आणि कळतं तेव्हा हातात काही उरत नाही. गाभण आहे का?"

ते मी विचारलेच नव्हते. पुन्हा फोन केला तेव्हा ती म्हणाली, गाभण आहे, दिवाळीला व्यायला आलीय. मग तिने थोडक्यात बाकीचेही सांगितले. ती आणि नवरा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. मुलगी यंदा दहावीला होती. गाय नीट व्याली आणि दूध सुरू झाले तर दोघांनी गावातच राहायचे आणि मुलीची परीक्षा होऊ द्यायची, असे ठरले होते. टोळी नेणारा मुकादम दोनदा विचारून गेला होता. त्यांनी अजून हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते.

"सगळं त्या गाईवर हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मला वाटते, चढला असता तर ऐकायला सोपे गेले असते.

डॉक्टरांचे म्हणणे मी तिला सांगितले. उरलेले भारे फेकून द्या, गाईला भरपूर पाणी पाजा, डॉक्टर उद्या येऊन बघतील. मग मी खुलासा लिहायला बसले.

आमच्याकडे खुलाशाची एक भाषा होती. ती मला पाठ होती. लिहून झाल्यावर, का कोण जाणे, मी तिसऱ्यांदा तिला फोन लावला आणि वाचून दाखवले: ‘गुरुवारच्या अंकातील मजकुरात खुळखुळा या वनस्पतीचा चारा म्हणून उल्लेख अनवधानाने झाला आहे. सदर वनस्पतीचे सेवन पशुधनास अपायकारक ठरू शकते. वाचकांनी नोंद घ्यावी.’

"अनवधान म्हंजी काय?"

"चुकून."

"मग चुकून म्हना. आन् पशुधन म्हंजी गायच ना?"

"गाय, बैल, शेरडं. सगळंच."

"मग त्यांची नावं घ्या की. लाजायचं काय त्यात? आन् नुसतं खुळखुळा लिवू नका. आमच्यात खुळखुळा म्हनत्यात, पल्याडच्या गावात घागरी म्हनत्यात. त्यांना वाटंल आपलं झाड येगळं."

"मग ओळखायचं कसं?"

"वाळली शेंग हालवली की वाजती. पोराच्या खुळखुळ्यावानी. तेवढं लिवा. आंधळ्यालाबी कळंल."

मी लिहिले. ‘पिवळ्या फुलांच्या ज्या झुडपाच्या वाळल्या शेंगा हलवल्यावर वाजतात, ते गाय, बैल, शेरडे यांना घालू नका. गुरुवारी आम्ही घाला म्हणून छापले. ते चूक होते.’ तिने ते परत एकदा वाचायला लावले आणि ‘व्हय, आता बरं हाय’ म्हणाली. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात मला सोपे लिहा असे अनेकांनी सांगितले होते. शब्द न् शब्द तपासून ते करून घेणारी ही पहिलीच.

मुख्य उपसंपादकांना मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. ‘खुलासा पुढच्या गुरुवारी, त्याच पानावर, जागा ठरलेली आहे’ एवढेच म्हणाले.

"गुरुवारपर्यंत गुरं खातील, सर. डेअरीवर मोठ्यानं वाचतात."

त्यांनी कागद हातात घेतला. ‘ते चूक होते’ या शब्दांवर त्यांचे पेन थांबले. अशी भाषा आम्ही वापरत नसू. पेन काही वेळ तिथेच राहिले, मग त्यांनी ते टोपण लावून खिशात ठेवले.

"पहिल्या पानावर, खाली. तीन ओळींना जागा होते."

शुक्रवारी अंक निघाला. त्या दिवशी चार फोन आले. दोघांनी चारा कापून आणला होता पण अजून घातला नव्हता. एकाने आम्हाला शिव्या दिल्या, नीट, घाई न करता. चौथ्याने विचारले की ताग चालेल का. त्याला मी डॉक्टरांचा नंबर दिला आणि स्वतः काही सांगितले नाही.

रविवारी सुट्टी होती. एसटीने शेवगावला आणि तिथून सहा आसनी रिक्षाने मी तिच्या गावाला गेले. का जातेय ते घरी नीट सांगता आले नव्हते. गाय बघायला, असे म्हटले होते आणि ते खरेच होते.

बाई पंचेचाळिशीची असावी. अंगण झाडत होती. हातातला खराटा तुरीच्या वाळल्या काड्यांचा होता, गेल्या वर्षीच्या तुराट्या सुंभाने आवळलेल्या. मी त्याकडे बघत राहिले. शेंगांच्या कुळातले झुडूप, जुडी बांधून अंगण झाडायला. ज्या मथळ्याला आमच्याकडे हसले होते तो इथे तिच्या हातात होता. मी तिला त्या परदेशी झुडपाची गोष्ट सांगितली.

"मग त्यात नवल काय? काडी हाय तिथं खराटा व्हनारच," ती म्हणाली. "हे छापलं असतं तर बरं झालं असतं. कुनाची गाय आडवी पडली नसती."

"पडली का?"

"न्हाई हो. उभी हाय. तुमचीच वाट बघती."

गाय काळी होती, पोट खाली उतरलेले. डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. त्यांना काही वावगे दिसले नव्हते, पण व्याईपर्यंत नक्की सांगता येणार नाही असेही ते म्हणाले होते. मी पुढे झाले तशी गाईने माझ्या पिशवीचा वास घेतला आणि मान फिरवली.

"वळखलं तुमाला," बाई म्हणाली.

नंतर ती मला बांधावर घेऊन गेली. बाकी सगळे करपलेले होते आणि खुळखुळा तेवढा हिरवागार, पिवळ्या तुऱ्यांसह कमरेइतका. प्राध्यापकांनी सांगितलेली उभी पाकळी, पंख, होडी, सगळे तिथे होते. इतके हिरवे काही शिल्लक असताना कोणाही जनावराने त्याला तोंड लावलेले नव्हते. हे बघायला बुधवारी नगरमधून बाहेर पडायचीही गरज नव्हती. भिंगारच्या मोकळ्या मैदानांवर हेच झुडूप होते आणि त्याच्या शेजारून शेरडे चरत जात. मी रोज रिक्षातून ते पाहत होते.

तिने एक वाळली शेंग तोडून माझ्या कानाशी हलवली. नंतर म्हणाली, "चला, च्या घ्या. कोरा हाय बरं का. दूध आटलंय."

पुढचे पाच आठवडे मी दर रविवारी फोन करत असे. विचारायचे एकच होते आणि ती उत्तरही एकच द्यायची, "हाय उभी." मध्ये एकदा तिने सांगितले की मुकादम पुन्हा आला होता, शेवटचा म्हणून, आणि तिच्या नवऱ्याने दिवाळीपर्यंत थांब म्हणून सांगितले. मुकादम हसला. म्हणाला, गाईच्या भरवशावर कोयता खाली कोण ठेवतं?

दिवाळीच्या आदल्या दिवशी कार्यालयात एक स्टीलची किटली आली. शेवगावच्या एसटीत कंडक्टरकडे देऊन ती नगरच्या स्थानकावर पाठवली होती, आणि स्थानकावरून आमचा शिपाई घेऊन आला होता. झाकण फडक्याने बांधलेले. आत पिवळसर, घट्ट चीक. मुख्य उपसंपादकांनी झाकण उघडून पाहिले.

"कोणत्या बातमीबद्दल?"

"खुलाशाबद्दल."

त्यांनी झाकण परत लावले. "तीस वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले आणि कँटीनमध्ये खरवस करायला सांगायला स्वतः उठून गेले.

मी तिला फोन लावला. आभार मानायचे होते. काय शब्द वापरायचे ते ठरवलेही होते, आणि त्यात ‘अनवधान’ नव्हते. पण तिने बोलू दिले नाही. पाडी झाली, म्हणाली, आईसारखीच काळी. धडधाकट आहे, पहिल्याच दिवशी उभी राहून प्यायली. डॉक्टर बघून गेले, गाय बरी आहे.

"आणि मुकादम?"

"काल गाडी गेली टोळीची," ती म्हणाली. "आमी न्हाई बसलो."

मागे मुलगी मोठ्याने काही पाठ करत होती. बाईने तिला हळू वाच म्हणून सांगितले आणि मला म्हणाली, धार काढायची वेळ झालीय, ठेवते.