भावजींची भित्री विद्यार्थिनी

आमचं शेवटचं बोलणं नांदेडच्या दवाखान्यात झालं. संदिपान भावजींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलायचं असलं की तो जरासा बाजूला सरकवायचा आणि सिस्टरचं लक्ष गेलं की गपचूप पुन्हा नाकावर ओढायचा, असा त्यांचा खेळ दुपारभर चालला होता. मी दटावलं तर म्हणाले, "वहिनी, ही हवा बी कोरडी आन् आमच्या टाकीतली बी कोरडीच. घसा दोन्हीकडं वाळतोय. पर तिकडं बघायला मासे तरी असत्यात... हितं नुस्ता पंखा." मी खळखळून हसले. माणूस एवढं आजारी असताना आपण असं हसावं का, हा विचार मला घरी परतताना गाडीत आला. त्याच आठवड्यात दवाखान्यातून यांचा फोन आला. हे नुसतं "अगं..." म्हणाले आणि पुढचं मला कळलं. त्याला आता दोन महिने होत आले. माझा धाकटा दीर गेला, असं मी लोकांना सांगते आणि लोक "अरेरे" म्हणतात. पण ते माझे मास्तर होते आणि मी त्यांची पहिली विद्यार्थिनी, हे सांगायला गेलं की फार लांबण लागते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

मी सेलूची. आमच्याकडे नळाला पाणी यायचं ते आठवड्यातून एकदा. त्यामुळे पाणी ही भरून ठेवायची वस्तू आहे, आत उतरायची नव्हे, असा माझा पक्का समज. डोक्यावरून तांब्या ओततानाही मी डोळे गच्च मिटून श्वास कोंडून धरायची, आणि खरं सांगायचं तर अजूनही धरते. लग्न होऊन पेडगावला आले तेव्हा भावजी शाळेत होते, म्हणजे नाव शाळेत होतं आणि स्वतः विहिरीत असत. नव्या नवरीला मळा दाखवायला म्हणून मला घेऊन गेले आणि काय सांगते, बोलता बोलता कपड्यांसकट काठावरून उडी टाकली. पाणी हललं, थांबलं, आणि हे महाशय वर येईचनात. मी जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या शेतातल्या निंदणाऱ्या बायकांनीसुद्धा ऐकली. मग विहिरीच्या भलत्याच कडेला, मोटारीच्या पाइपाला धरून, दात काढत डोकं वर आलं. "वहिनी, तुमी लय भित्र्या हाव बरं का!" त्या दिवसापासून घरात माझी ती ओळखच झाली.

पुढे त्यांनी हॉटेलचा कोर्स केला आणि थायलंडच्या एका बेटावर हॉटेलात कामाला लागले. गावात बातमी झाली की संदिपान बँकॉकला गेला, आणि बँकॉक म्हटल्यावर पारावरच्या मंडळींना जे हसू फुटायचं ते फुटलं. हॉटेलला लागूनच पाण्याखाली नेणाऱ्यांचं दुकान होतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मास्क, आणि तासभर समुद्राच्या पोटात फिरायचं. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. सुट्टीच्या दिवशी भावजी तिथे टाक्या भरू लागायला जायचे. पुढे हॉटेल सुटलं आणि तेच काम झालं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे काही केल्या पटेना. "बुडी माराया पगार देत्यात? आपल्या हिरीत तर हा फुकटात मारायचा की!" वर्षा-दोन वर्षांत ते डायव्हिंग शिकलेल्या माणसांना समुद्रात वाट दाखवायला जाऊ लागले. आता एकच पायरी राहिली होती. ज्यांनी आयुष्यात पाण्यात डोकं घातलेलं नाही त्यांना शिकवणारा शिक्षक व्हायचं, आणि त्यासाठी मोठं शिक्षण, मोठी परीक्षा.

त्या परीक्षेत भावजी नापास झाले. पोहण्यात नाही, इंग्रजीतही नाही. नापास झाले ते शिकवण्यात. तिथे म्हणे होणारे शिक्षक आळीपाळीनं एकमेकांचे विद्यार्थी होतात, मुद्दाम चुका करतात, घाबरल्याचं सोंग आणतात, आणि शिकवणाऱ्यानं त्यांना सांभाळून घ्यायचं. आमच्या भावजींना भीती ही गोष्टच ठाऊक नव्हती. समोरचा घाबरला की ते त्याला पुन्हा पुन्हा तेच करून दाखवायचे, अधिक झटपट, अधिक सफाईनं. परीक्षक म्हणाला, तुझं सगळं बरोबर आहे, पण तुझा विद्यार्थी उद्या परत येणार नाही. यांनी फोनवर सांगितलं, "झालं ना आता? तुरी काढायला माणूस न्हाई हितं. ये निघून." भावजी म्हणाले, "दादा, आनखी एकदा बसू दे. न्हाई जमलं तर येतो, पुन्हा समुद्राचं नाव काढनार न्हाई." हे हो म्हणाले. मी मधल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. भावजींचा असा पडलेला आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मळ्यात तुरी काढणाऱ्या भावजींचं चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं, ते काही केल्या येईना.

दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. "वहिनी, एक काम हाय. मला एक भित्रं माणूस पायजे. खरंखुरं, सोंग आणनारं न्हाई. आन् तुमच्यावाणी भित्रं माणूस माज्या वळखीत दुसरं कोन हाय, सांगा." मी म्हटलं, "भावजी, मला हसायला फोन केलात का?" "न्हाई वो. शिकवायचंय तुमाला." मला वाटलं, चेष्टाच आहे. पण समोरचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

मग रोज दुपारी, जेवणं आटोपून आत्याबाई आडव्या झाल्या की, आमची शाळा भरू लागली. ओसरीवर पिठाच्या डब्याला फोन टेकवायचा आणि समोर तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरून ठेवायचं. नळी कुठून आणायची? भावजींनीच सांगितलं, ठिबकची जाड नळी घ्या, वीतभर कापा, धुऊन घ्या. तोंड पाण्यात, नाकसुद्धा पाण्यात, आणि नळीतून तोंडानं श्वास घ्यायचा, एवढाच पहिला धडा. बोटांच्या खुणाही शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं कडं केलं की ठीक आहे, अंगठा वर केला की मला वर जायचंय. मी सवयीनं "छान" म्हणून अंगठा दाखवायची, की भावजी लगेच, "काय वहिनी, घंगाळातून वर निघालाव का?" एकदा आत्याबाईंना मधेच जाग आली. सून घंगाळात तोंड घालून बसलेली आणि तोंडातून शेतातली नळी वर निघालेली... "आगं बया, काय करायलीस हे?" मी वर पाहिलं तर तोंडावरून पाण्याच्या धारा. म्हटलं, "भावजींचा अभ्यास करून घेतेय." त्या डोक्याला हात लावून पुन्हा झोपल्या. दोन्ही पोरं येडी, असं बराच वेळ पुटपुटत होत्या.

गंमत सांगते आहे, पण मला ते जमत नव्हतं. नाकाला पाणी लागलं की छाती बंद. नळी तोंडात, हवा आयती, तरी श्वास आत जाईना. भावजी तिकडून एकसारखे "घाबरू नका, वहिनी, घाबरू नका." पुन्हा करा, असं करा, बघा मी करतो. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी एक दिवस ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि माझं डोकं फिरलं. स्वभाव माझा आधीच तिखट. म्हटलं, "भावजी, तुमच्यासारख्या मास्तरानं मला अंघोळसुद्धा शिकवू नये," आणि फोन कट केला. घंगाळातलं पाणी तुळशीला ओतून भांडी घासायला बसले. थोड्या वेळानं पुन्हा फोन. या वेळी त्यांनी काहीच शिकवलं नाही. म्हणाले, "वहिनी, तोंड पान्यात गेल्यावर नेमकं काय व्हतं, ते मला सांगा. मला ठावं न्हाई."

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. भीती ही घालवायची गोष्ट, तिच्याबद्दल कोण विचारतं! मी आठवून आठवून सांगितलं. म्हटलं, आधी मान आखडते, नाक नंतर. म्हटलं, तुम्ही "घाबरू नका" म्हटलं की मला वाटतं, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे तिथं. आणि तुम्ही करून दाखवलं की वाटतं, यांना येतंय, मला येत नाही, एवढंच. फोन अडकला की काय म्हणून मी स्क्रीनवर बोट मारून पाहिलं. मग भावजी म्हणाले, "बरं. उद्या मी काही सांगनार न्हाई. तुमी घंगाळाच्या काठाला दोन्ही हात धरा. वाटंल तवा तोंड घाला, वाटंल तवा काढा. मी नुस्ता हितं बसतो." आणि खरोखर ते दुसऱ्या दिवशी नुसते बसले. मी तोंड घातलं, काढलं. घातलं, काढलं. भावजी तिकडे शेंगा सोलून खात होते. कितव्यांदा ते माहीत नाही, पण तोंड पाण्यात असतानाच नळीतून श्वास आत गेला. मग बाहेर. मग पुन्हा आत. पाण्याखाली आपल्या श्वासाचा एवढा मोठा आवाज होतो, हे मला ठाऊकच नव्हतं, गोठ्यात म्हशीनं सुस्कारा सोडावा तसा. मी किती वेळ तशीच होते कोण जाणे. डोकं वर काढलं तर भावजींच्या हातातली शेंग हातातच होती आणि ते रडत होते. मीही रडले. चेहरा ओलाच होता, त्यामुळे माझं कळलं नाही.

दुसऱ्या खेपेला भावजी पास झाले. फोनवर आधी आत्याबाईंना सांगितलं, मग यांना. मला म्हणाले, "इम्तिहानात एक बाई सोंग आनायली घाबरल्याचं. मी म्हणलं, माज्या वहिनीइतकं तुला जमनार न्हाई." त्यानंतर सुट्टीवर आले तेव्हा मला मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेले. या वेळी उडी मारली नाही. माझ्या पुढे एक पायरी राहून खाली उतरत गेले. पाणी पिंढऱ्यांना लागलं तिथे मी थांबले, वाकून तोंड पाण्यात घातलं, थोडा वेळ ठेवलं, आणि म्हटलं, आज एवढंच. त्यांनी ओढलं नाही. पूर्वीचे भावजी असते तर पाय धरून ओढलंच असतं. नुसते म्हणाले, "पुढच्या वर्षी गळ्यापर्यंत. मग एक दिवस तुमाला माजा समुद्र दाखवतो." पुढच्या वर्षी आले ते रक्ताचा आजार घेऊन. विहीर राहिली, समुद्र राहिला. मला तो समुद्र पाहायचा होता. कुणाला सांगितलं तर हसतील, पण पोटातून पाहायचा होता, आणि त्यांच्याच शेजारी बसून पाहायचा होता. आता कुणी नेलं तरी तो निराळा समुद्र असेल.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी परदेशी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. सकाळची वेळ, मी भाकरी थापत होते. भावजींबरोबर काम करणारा नेपाळचा प्रेम. भावजींचा फोन बिघडला की त्याच्या फोनवरून बोलायचे, तेव्हाचा आमचा नंबर त्यानं जपून ठेवला होता. आत्याबाईंची तब्येत विचारायला त्यानं फोन केलेला. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "मैं संदिपान की वहिनी बोल रही हूँ." तो म्हणाला, "वहिनी? दीदी, वहिनी तो हमारे यहाँ एक्सरसाइज़ का नाम है." मला काही उमगेना. मग त्यानं सांगितलं. जो कुणी पाण्याला घाबरतो त्याला तिथे आता थेट समुद्रात नेत नाहीत. आधी मोठा टब पाण्यानं भरून समोर ठेवतात, काठ धरायला लावतात, नळी देतात, आणि शिक्षक नुसता शेजारी बसतो. भावजींनी सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं. त्याला ते वहिनी म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणतात. तिथले लोक म्हणतात, गोरे म्हणतात. अर्थ कुणाला ठाऊक नाही. "मतलब क्या होता है, दीदी?" मी म्हटलं, "बड़े भाई की बीवी." "बस, इतना ही?" प्रेमनं विचारलं. मी म्हटलं, "हाँ... इतना ही."

आमच्या घरात मला आता कुणी वहिनी म्हणत नाही. हे "अगं" म्हणतात, आत्याबाई नावानं हाक मारतात, मुलं आई म्हणतात. गावात कुणी वाटेत "वहिनी, भाऊ हायेत का घरी?" म्हणतं, पण ते पत्ता विचारल्यासारखं. चपला काढायच्या आधीच दारातून हाक मारणारं माणूस एकच होतं. प्रेमला हे काही मी बोलले नाही. तो म्हणाला, थांबा, दाखवतो, आणि त्यानं फोन फिरवला. ऊन, वाळू, मागे निळं पाणी... आणि पुढे पायरीवर एक पांढऱ्या केसांची गोरी बाई टबाचा काठ दोन्ही हातांनी गच्च धरून बसलेली. तिची आखडलेली मान मला इथूनही दिसली. प्रेमनं तिला लांबूनच मोठ्यानं आवाज दिला, "ओके, मॅडम? वहिनी!"

तव्यावर भाकरी होती, हात पिठाचे होते, आणि मी "ओ" दिली.