मोहावरची हाक

समस्त जनतेस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गावातील 'तरुण' हे पद रिक्त झाल्याने त्याचा कार्यभार पन्नाशी उलटलेल्या माझ्याकडे सोपवण्यात आलेला आहे.

खरे तरुण मिरची तोडायला तेलंगणात गेले. इथल्या राईस मिलवर बिहारचे मजूर आले. पण ते बिचारे मिल सोडून आमच्या जंगलात कशाला मरायला येतील?

मोह मात्र गळायचा थांबत नाही. पहाटे फुलं वेचायला निघालेल्या आमच्या पलटणीत मी सोडून सगळे सत्तरीचे. पाणवठ्यावर वाघाचे ताजे पंजे उमटलेले. रीत अशी की, एकाने मधूनमधून हाक द्यायची आणि आपापल्या झाडाखालून प्रत्येकाने 'हो' म्हणायचं. एक 'हो' कमी आला, की समजायचं. हाक नेहमी पोरं द्यायची. यंदा ते काम काकूकडे आलं, कारण तिचा आवाज ढोलासारखा. माझ्या हाती पत्र्याचा डबा आणि काठी.

पहिली हाक गेली. सगळीकडून 'हो' आला. माझ्या मायच्या झाडाखालून नाही.

काकूने पुन्हा हाक दिली. मग पुन्हा, फाटक्या आवाजात. मी 'माय' म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा निघाली. पानठेल्यावर बसून मी आजवर कितीतरी वाघ पळवून लावलेत; इथे मला डबाही वाजवता येईना.

एकमेकांना धरून आम्ही सरकलो. वाटेत मायची टोपली आडवी, फुलं सांडलेली. पुढचं झुडूप हललं. धावून जायला एक धडधाकट गडी तेवढा होता, आणि तो डबा छातीशी धरून सगळ्यांच्या मागे उभा होता.

झुडपातून माय निघाली. पदरात फुलं.

काकू रडत तिच्या गळ्यात पडली. "काऊन वो, हो काऊन नाई म्हटलं? जीव गेला न आमचा!"

तेव्हा कुठे मला आठवलं. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या आंब्यावरून दोघी जावांचा कैक वर्षांचा अबोला. पोरं हाक देत होती, तोवर तो जंगलात कधी आडवा आला नव्हता.

मायने काकूचे हात सोडवले, तिच्याकडे पाठ केली आणि मला म्हणाली, "सांग तिले, वाघ आला असता त बोंबललीच असती मी. पण तिच्या हाकेले हो? मेली तरी नाई म्हणत!"