ज्याचा त्याचा चहा

आमच्या ताईला शर्टांच्या कारखान्यात सगळे भिंग म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागं. पण तिला ते माहीत आहे, कारण पाठीमागं काय बोललं जातं ते शोधून काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ती तिथं चेकर आहे. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, कच्चा टाका सापडला की खडूनं खूण करून परत पाठवायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा कसा होणार? भाजीवाला हसला की ती काट्याकडं बघते. मी फोन करून "कशी आहेस?" म्हटलं की आधी विचारते, "का गं, कोणी काही बोललं का?"

अशा बाईनं घटस्फोटासाठी वकील केला नाही याचं घरात कोणालाच नवल वाटलं नाही.

"दोन्हीकडचे वकील आतून एकच असतात," ती म्हणाली. "वर भांडतात आणि खाली कँटीनमध्ये एकमेकांच्या डब्यातलं खातात. माझा अर्ज मी भरीन."

"अगं, पण कायद्याची भाषा कळायला नको?"

"वाचता येतं मला. आणि तू नक्की कोणाच्या बाजूनं आहेस?"

मी तिची सख्खी धाकटी बहीण. मलाही सोडलं नाही.

तशी तिची चूक नव्हती. भाऊजी छापखान्यात मशीनवर होते. छापखाना बंद पडला आणि या गृहस्थांनी घरी अवाक्षर काढलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी दमलेला चेहरा करून यायचे. कित्येक महिने हे नाटक चाललं. एक दिवस चष्मा घरी राहिला म्हणून ताई द्यायला गेली, तर फाटकाला कुलूप आणि कुलपाला गंज. साहेब दिवसभर बागेतल्या बाकावर बसत होते. भाऊजींनी दुसरी बाई ठेवली असती तर एक वेळ सोपं गेलं असतं, असं मी बोलून गेले. मला वाटलं ताई उखडेल, पण ती रडायलाच लागली.

"रोज जेवताना गोष्टी सांगायचे गं. आज फोरमन कसा चिडला, कागद कसा अडकला. मी पोट धरून हसायचे. त्या फोरमनलासुद्धा केव्हाच घरी बसवलं होतं!"

तेव्हापासून भाऊजींच्या एका शब्दावर तिचा विश्वास उरला नाही. त्यांना पुढं एका झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं, तर ही रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ते खरंच आत आहेत का ते बघून यायची. बाहेर ऊन आहे म्हणाले तरी खिडकीपाशी जायची. मूलबाळ नाही, मध्ये बोलायला तिसरं माणूस नाही. भाऊजी मूग गिळून बसायचे, आणि गप्प माणसाचा तर हिला जास्तच संशय.

"मला मोकळं व्हायचंय," ती एकदा मला म्हणाली. "त्यांच्यापासून म्हणून नाही गं. या बघत बसण्यापासून. थकले मी."

तिनं घटस्फोटाचं काढलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "तुला बरं वाटणार असेल तर करू." झालं! ताई म्हणाली, इतक्या सहज हो म्हणतात म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

कोर्टात मदतीची एक खिडकी होती. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. दोघांचा मिळून अर्ज असेल तर वकील लागत नाही, पण वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. दोन घरांचं भाडं परवडत नसेल तर एका छपराखाली चालेल, मात्र संसार वेगळा पाहिजे. रांधणं, धुणं, शिवणं-टिपणं ज्याचं त्यानं करायचं. न्यायाधीश नेमकं तेच विचारतात. संसार एकत्र आहे असं दिसलं की अर्ज फेटाळला आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

"फारच गोड बोलत होती," बाहेर येताच ताई म्हणाली. "असं फुकट कोण कोणाला सांगतं?" मग दुसऱ्या खिडकीवर जाऊन तेच सगळं परत विचारून आली.

त्या वर्षी त्यांच्या घरी जाणं म्हणजे शिक्षा होती. फ्रिजचे कप्पे वेगळे, गॅसच्या वेळा वेगळ्या, वाळत घालायच्या दोरीला मधोमध गाठ. गाठीच्या पलीकडे भाऊजींचे कपडे. अर्जाच्या प्रती काढायला नवऱ्याचं दुकान सोडून ताई दोन चौक लांब गेली, कारण मधलं एखादं पान बदललं तर? भाऊजींनी सगळ्या पानांवर न वाचता सह्या केल्या. "न वाचता सही करणारा माणूस पुढचं सगळं ठरवून बसलेला असतो," ताई मला म्हणाली.

आणि चहा. भाऊजी सकाळी स्वतःपुरता करायचे तो दोन कप व्हायचा. हिचा कप बशीनं झाकून ओट्यावर. ताईनं तो माझ्यासमोर मोरीत ओतला.

"अगं, प्यायचास की! थंडी किती आहे."

"पुरावा तयार करताहेत. उद्या न्यायाधीशांना सांगतील, रोज चहा पाजत होतो."

मला हसू आवरेना. ती मात्र घरातल्या शिवणाच्या टोपलीतलं काहीतरी मांडीवर घेऊन शिवत बसली. तिला रिकाम्या हातांनी बोलता येतच नाही. उशीचा अभ्रा असेल, कसली तरी बाही असेल, हात टाके घालताहेत आणि तोंड भाऊजींचे डाव उलगडतंय. काय शिवतेय ते तीही बघत नव्हती आणि मीही पाहिलं नाही.

तारखेच्या दिवशी ताईनं मला सोबत नेलं. साक्षीला नाही, लक्ष ठेवायला. भाऊजी आधीच येऊन थांबले होते. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. आत गेल्यावर ते दोघं पुढच्या बाकावर टोकाटोकाला बसले, मी मागं. न्यायाधीश चष्म्यातून अर्ज वाचत होत्या आणि माझी नजर सहज भाऊजींच्या मानेवर गेली.

कॉलर उलटवलेली होती. झिजलेली बाजू आत, चांगली बाजू वर, आणि शेवटाला आडवा दुहेरी टाका. तो टाका मी जगात कुठंही ओळखीन. आईनं आम्हा दोघींना शिकवला, मला जमला नाही, ताईला जमला.

मी ताईकडं बघितलं. तिनंही तेव्हाच पाहिलं असावं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. फाटकं दिसलं की ते कोणाचं आहे हे तिच्या हातांना कळतच नाही. दोरीला गाठ मारली, टोपलीला मारायची राहिली. वर्षभर सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, आणि शपथेवर दिलेल्या अर्जात खोट निघाली ती तिच्याच हातची. भाऊजींनी नुसती मान वळवून कॉलर दाखवली असती तरी सगळं संपलं असतं. मला वाटलं, हाच तो डाव. यासाठीच आज हा शर्ट घातला. बघा, मलाही तिची लागण झाली होती.

"तुमच्या कपड्यांचं कोण बघतं?" न्यायाधीशांनी भाऊजींना विचारलं. "धुणं, शिवणं?"

भाऊजींचा हात कॉलरवर गेला.

"धुतो मीच," ते म्हणाले. "शिवायचं निघालं तर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे देतो. म्हातारा आहे, उशीर लावतो, पण काम चांगलं."

त्यांच्या कोपऱ्यावर शिंपी नाही. कधीच नव्हता.

"आणि जेवणखाण, चहापाणी?"

"ज्याचा त्याचा चहा."

न्यायाधीश ताईकडं वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

ताई उभी राहिली. खरं सांगितलं तर वर्ष वाया, पुन्हा ते कप्पे, पुन्हा ती गाठ. मग खाली बघून म्हणाली, "हे म्हणतात ते खरं आहे."

हे वाक्य तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. नेमकं इथं ऐकायला मिळावं याचा मला इतका राग आला की सांगता येत नाही.

अर्ज मंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात भाऊजी आमच्यापाशी आले. "मी आजच निघतो," ते ताईला म्हणाले. "खोली बघून ठेवलीय. हवेशीर आहे, मोठी खिडकी आहे. मालकीणबाई जरा बोलक्या आहेत, पण मनानं चांगल्या."

ताईनं मान हलवली. ते जिना उतरून गेले.

मी तिला कोपरानं ढोसलं. "पत्ता विचार ना! खोली आहे तरी का? परत बागेत जाऊन बसतील."

"विचारला तर सांगतील," ताई म्हणाली. "मग मला जाऊन बघावं लागेल."

ती तिथल्याच बाकावर बसली आणि तोंडावर रुमाल धरून रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले.