ओलं फडकं आणि ग्रीक बाईचा हात

गेल्या जानेवारीत मी प्लास्टरचा एक पुतळा ओल्या फडक्याने पुसला. ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. प्लास्टर पाणी पितं, डाग पडतात. मला माहीत नव्हतं म्हणावं, तर जन्मभर सिव्हिल इंजिनियर! भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणजे मंगळवार सोडून.

मी अमेरिकेत, श्रूजबरी नावाच्या गावात एकटा राहतो. बायको, शैला, जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब, फ्रिस्को शहरात. तिनेच मला अर्ध्या तासावरच्या एका युनिव्हर्सिटीत व्हॉलंटियर म्हणून चिकटवलं. तिथे बेसमेंटमध्ये प्राचीन ग्रीक शिल्पांच्या शंभर वर्षं जुन्या प्लास्टरच्या प्रती आहेत. दर मंगळवारी दुपारी त्यांची धूळ झटकायची. आठवडाभरात माझ्याशी समोरासमोर बोलणारी एकच व्यक्ती — तिथली प्रमुख, कॅरल. तीही म्हणायची एवढंच, की ब्रश कोरडा ठेव.

पण कोरड्याने धूळ नुसती जागा बदलते, हे शैलाचं ठाम मत. त्या दिवशी कॅरल मीटिंगला गेली आणि मी फडकं भिजवलं. समोर थडग्यावरच्या एका शिल्पाची प्रत होती. खुर्चीत बसलेली बाई निरोपाचा हात पुढे करते आहे. समोरचा माणूस मूळ दगडातच तुटून गेलेला. तिचा हात आपला तसाच पुढे. मी तो कोपरापासून बोटांपर्यंत पुसला — आणि तो राखाडी पडला. गेला आपला मंगळवार, एवढंच डोक्यात आलं. काही सुचेना म्हणून तिचा पंजा दोन्ही तळव्यांत धरला, ऊब देऊन वाळवायला. हे माझं इंजिनियरिंग.

पंजा गरम होता.

खांद्याला हात लावला... गार. खोली तापवणारा रेडिएटर पार पलीकडच्या भिंतीला. पंजा मात्र तापतच चालला होता, ताजं प्लास्टर घट्ट होताना तापतं तसा. पण ते एकदाच तापतं, शंभर वर्षांनी पुन्हा नाही. आणि ही ऊब माझ्या ओळखीची होती. फार पूर्वी शैला घरापुढच्या ड्राइव्हवेवरच्या बर्फात घसरली, तेव्हा मनगटाचं प्लास्टर घट्ट होईपर्यंत तिचा हात धरून ठेवायला डॉक्टरने मला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "आज बरा वेळ मिळाला तुम्हाला."

किती वेळ उभा होतो, माहीत नाही. ऊब हळूहळू उतरली. मागे वळलो तर कॅरल. मी सगळं कबूल केलं, ऊब सोडून. तिने चाचपून पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत ओलं, पंजा खडखडीत कोरडा. हेअर ड्रायर कुठून आणलास, असं तिने विचारलं.

मंगळवार वाचला, फडकं जप्त झालं. आता मला फक्त चौथरे झाडायला देतात. निघताना तो पंजा धरून बघतो. गारच असतो. का तापला होता, कोणी सांगू शकलं तर सांगा — मी हरलो.

मुलीला फोनवर सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "बाबा, तुला हात धरायला दरवेळी प्लास्टरच लागतं का?"